एनसीएल, आयआयटी, विद्यापीठ की जर्मनी? पीएचडी कुठे करायची

नेट परीक्षा निघाली, घरी पेढे वाटून झाले की प्रश्न येतो, आता जायचं कुठे. मी केमिस्ट्रीत पीएचडी केलीय, ज्युनियर पोरंपोरी विचारतात तेव्हा मी आधी एकच विचारते, स्वतःची जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, आहे का? सगळे फाटे तिथूनच फुटतात.

जेआरएफ असेल आणि काम प्रयोगाचं असेल, कॅटॅलिसिस, पॉलिमर, सिंथेसिस वगैरे, तर माझं मत सरळ पुण्याच्या एनसीएलला, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला. एनएमआर, मास, एक्सआरडी ही सॅम्पल तपासायची यंत्रं एकाच आवारात, सॅम्पलची डबी घेऊन गावभर फिरायला नको, आणि याची किंमत रिपोर्टची आठवडेच्या आठवडे वाट बघणाऱ्यालाच कळते. डिग्री अ‍ॅकसिर या सीएसआयआरच्याच अकादमीची मिळते. कोर्सवर्क आहेच, शिवाय सीएसआयआर-८०० नावाचं समाजोपयोगी प्रोजेक्टही करावं लागतं, ते मनापासून करा, गावच्या पाण्याचा प्रश्न पेपरात वाचणं वेगळं नि तिथे जाऊन बघणं वेगळं.

आयआयटी मुंबईला जेआरएफ नसली तरी गेट परीक्षेच्या स्कोअरवर जाता येतं, इंजिनीअरिंगवाल्यांचा तोच मुख्य रस्ता, पण डिपार्टमेंटची लेखी परीक्षा नि इंटरव्ह्यू वेगळा द्यावा लागतो आणि इन्स्टिट्यूटची फेलोशिप घेतली की टीएशिप आली, म्हणजे ट्युटोरियल घ्या, लॅब सांभाळा, पेपर तपासा. पुढे प्राध्यापक व्हायचं असेल तर हा सराव सोन्यासारखा. पैशाचं म्हणाल तर जेआरएफ दोन्हीकडे तीच, १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० नि पुढे एसआरएफला, म्हणजे सीनियर फेलो झाल्यावर, ४२,०००, हॉस्टेल नसेल तर वर एचआरए, म्हणजे घरभाडं भत्ता. त्यामुळे या दोघांत पैशावरून ठरवू नका.

फिजिक्स, अ‍ॅस्ट्रॉनॉमीवाल्यांनी जेस्ट ही प्रवेश परीक्षा नि टीआयएफआर या संशोधन संस्थेची परीक्षा सोडू नये. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारी एनसीआरए आणि खगोलशास्त्राची आयुका या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत.

राज्य विद्यापीठाला लोक उगाच नाकं मुरडतात. घर, नोकरी सांभाळून पार्टटाइम करायचं तर तेच सोयीचं, आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप मिळाली तर बराच भार हलका होतो. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत किमान ३ वर्षं, कमाल ६, मुलींना २ वर्षं जादा सवलत नि मातृत्व-बालसंगोपनासाठी २४० दिवस रजा आहे. पण गाईडचं वय विचारा! माझ्या मैत्रिणीचे गाईड मध्येच रिटायर झाले आणि तिची दीड वर्षं नुसती कागदपत्रांत गेली, मला अजून त्याचं वाईट वाटतं. आता निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही, तरी खात्री आपणच करायची.

जर्मनीचं सगळंच वेगळं. तिथे बहुतेक जागा नोकरीसारख्या जाहिरातीतून निघतात, मास्टर्स साधारणपणे लागतंच, पगार टीव्ही-एल ई-१३ या तिथल्या सरकारी स्केलवर. यात एक मेख आहे, केमिस्ट्री-बायोलॉजीत बहुधा अर्ध्या किंवा दोन-तृतीयांश पोस्टचा पगार मिळतो आणि लॅबमध्ये मात्र पूर्ण दिवस जातो, इंजिनीअरिंगला पूर्ण पोस्ट मिळण्याची शक्यता बरीच जास्त. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांना मी म्हणूनच जर्मनी बिनधास्त सुचवते, केमिस्ट्रीवाल्यांना आधी त्या शहरातलं घरभाडं बघायला सांगते.

आणि ऑफर कुठलीही असो, हो म्हणण्याआधी त्या गाईडच्या शेवटच्या तीन विद्यार्थ्यांना फोन करा, कधी जॉइन झालात नि थिसिस कधी सबमिट केला एवढंच विचारा.