खाऱ्या पाण्यात आठ महिने चाललेली फ्लशची टाकी

डिसेंबरात घेतलेल्या या टाकीला चौथ्याच दिवशी एक तारा देऊन मोकळा होणार होतो. दिला नाही ते बरं झालं, कारण निम्मा दोष माझ्याच संडासाचा निघाला.

गाव अकोला जिल्ह्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. घर जुनं. कमोड २००१ चा, आजीचे गुडघे गेले तेव्हा बसवलेला. त्यावर चिनीमातीची दहा लिटरची टाकी होती. गेलं वर्षभर फ्लश पार मरगळला होता. पाणी यायचं, गोल फिरायचं आणि जे न्यायचं तेच ठेवून जायचं. टाकी म्हातारी झाली असं मी ठरवून टाकलं आणि तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकची दोन बटनांची आणली. किंमत १३५० रुपये. अर्ध्या बटनाला तीन लिटर, पूर्णाला सहा. दुकानाच्या पोरानंच बसवून दिली.

बसवल्यावर फ्लश आधीपेक्षाही मरतुकडा. बाबा म्हणाले, "काऊन रे, नवी टाकी आनली म्हने, अन् बकेट तं अजून लागतेच!"

त्या बकेटीनंच घोळ उकलला. दहा लिटरची भरलेली बकेट एका दमात कमोडमध्ये ओतायची. पाणी वर चढून रेंगाळलं तर अडथळा खाली, म्हणजे ट्रॅपमध्ये (कमोडच्या बुडाच्या वाकड्या नळीत), पाइपात नाहीतर सेप्टिक टँकमध्ये. गपकन गेलं तर खालचं सगळं मोकळं, पाणी वरच कुठंतरी अडतंय. आमचं गपकन गेलं. टाकी बदलायच्या आधी हे केलं असतं तर कदाचित तेराशे रुपये वाचले असते.

मग दाढीचा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन कमोडच्या कडेखाली पाहिलं. तिथं पाणी सोडणारी भोकं असतात ओळीनं. काही पार बुजलेली, काहींत जेमतेम सुई जाईल एवढी फट. वर पिवळट दगडासारखा थर. नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे संडासाला बोअरचंच. त्यात नुसतं मीठ असतं तर वाहून गेलं असतं. थर धरतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार, पातेल्याच्या बुडाला बसतो तोच.

दुकानदारानं ॲसिडची बाटली पुढं केली होती. मी घेतली नाही. बंद संडासात तिचा धूर छातीत बसतो, सिमेंटचे सांधेही खाते. आणि आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असली की त्यावर ॲसिड पडून क्लोरीन वायू निघतो, तो जिवावर बेततो. मी पाव किलो लिंबूसत आणलं आणि दीड लिटर कोमट पाण्यात विरघळवलं. पण कडेखाली ते टिकणार कसं? घरात कापूस पडलेला होताच. सरकी काढून पेळू केले, त्यात बुडवले आणि रात्रभर कडेखाली कोंबून ठेवले. बाबांनी पाहिलं. "कापसाले भाव नाही तं नाही, संडासात तरी कामी येऊन राह्यला."

सकाळी तारेनं टोकरलं तर खपल्या निघाल्या. तीन रात्री हेच केलं. बाविसातली एकोणीस भोकं उघडली, तीन आजही बंद आहेत.

फ्लश सुधारला, पण पुरता नाही. शेवटी गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं टाकीपासून कमोडला येणारा पाइप उपसला आणि हसला. पोरानं तो रबरातून इतका आत दामटला होता की टोक समोरच्या चिनीमातीला टेकलेलं. पाणी येणार कुठून? दोन बोटं कापून पुन्हा बसवला, मजुरी दीडशे. त्या दिवशी पहिल्यांदा सहा लिटरनं सहा लिटरचं काम केलं.

आता खुद्द टाकीबद्दल. पूर्ण बटन दाबलं की दहातल्या नऊ वेळा एका फ्लशमध्ये साफ. अर्धं बटन आमच्या कमोडला फक्त लघवीपुरतं. जुनं भांडं दहा लिटरच्या हिशेबाचं, तीन लिटरला ते कुठं जुमानणार! नवा कमोड असेल तर गोष्ट वेगळी.

खरी तक्रार भरण्याची आहे. आमची सिंटेक्स स्लॅबवर, फ्लशच्या टाकीपासून जेमतेम पाच फूट उंच. दाब कमी, आणि आतल्या व्हॉल्व्हचं भोक बारीक. टाकी भरायला नऊ मिनिटं लागायची. आखाजीला पाहुणे होते तेव्हा दुसऱ्या माणसाच्या नशिबी अर्धीच टाकी. कमी दाबाचा व्हॉल्व्ह वेगळा मिळतो, ऐंशी रुपयांना. तो लावल्यावर साडेतीन मिनिटं. दुकानात हे कुणी सांगत नाही, तुम्हीच विचारा.

पाचव्या महिन्यात रात्री बारीक सुरसुर ऐकू यायला लागली. टाकीत कपड्यांची नीळ टाकली, बटन दाबलं नाही; वीस मिनिटांत कमोडमध्ये निळी रेघ. वॉशरवर क्षार बसला होता. लिंबूसतात बुडवून चाललं महिनाभर, मग तीस रुपयांचा नवा टाकला. आमच्या पाण्यात हे होणारच, त्यासाठी मी गुण कापत नाही.

जुलैत पुन्हा फ्लश मंदावला. या वेळी बकेट ओतली तर पाणी वर चढलं. झड लागली होती, काळी माती फुगलेली, शोषखड्डा पाणी पिईना. त्यात टाकीचा काही संबंध नव्हता. झड उघडल्यावर आठवड्यात आपोआप ठीक झालं, तोवर आम्ही कमी पाणी सोडलं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण बटनाचा कापला; त्यावरची चकचकी तिसऱ्या महिन्यातच सोलून निघाली. बाकीचा एक व्हॉल्व्हचा.