झोटेरो, फीड आणि टॅग: द्राक्षाच्या अभ्यासगटातले सात महिने

एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमारास आम्ही पाच जणांनी झोटेरोवर, म्हणजे लेखांच्या नोंदी आणि टिपणं जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एक सामायिक ग्रंथालय उघडलं. दोघे बागायतदार, एक निफाडचे काका आणि एक दिंडोरीचा दादा. दोघे कृषी पदवीधर. आणि मी, नाशकात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवणारी. द्राक्षाच्या रोगांवर वाचलेलं आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवायचो आणि आठ दिवसांनी ते कुणालाच सापडायचं नाही, एवढंच निमित्त.

कल्पना मला २००८ सालच्या एका अभ्यासक्रमावरून सुचली. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या त्या ऑनलाइन वर्गात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स शिकवत. विद्यार्थी आपापल्या जागी लिहीत, लिखाणाला ‘सीसीके०८’ हा एकच टॅग लावत, आणि एक प्रोग्रॅम फीडमधून (संकेतस्थळावरच्या नव्या लेखांची आपोआप येणारी यादी) ते सगळं गोळा करून रोज सगळ्यांना पाठवी. आमचा गट पाचच जणांचा, पण रीत तीच.

झोटेरो मोफत आहे. नियतकालिकांची फीड त्यातच जोडता येतात. मी निवडलेल्या फीडची यादी ओपीएमएल फाइल (फीडची यादी एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याची फाइल) करून सगळ्यांना दिली. फीडमधलं कामाचं काही दिसलं की ते ओढून गटाच्या ग्रंथालयात टाकायचं आणि टॅग लावायचा. फाइल्ससाठी ३०० एमबी जागा फुकट मिळते. आम्ही पीडीएफ न ठेवता नोंदी, दुवे आणि टिपणं ठेवतो, त्यामुळे ती भरपूर पुरते. एक चूक सुरुवातीलाच झाली. फीडमधले वाचलेले लेख ठरावीक दिवसांनी आपोआप निघून जातात हे मी सेटिंगमध्ये पाहिलंच नव्हतं. मे महिन्यातलं चांगलं वाचन तसंच गेलं.

खरी मेहनत टॅगांची. जूनपर्यंत एकाच रोगाला आमच्याकडे चार टॅग झाले होते: केवडा, डावणी, डाऊनी आणि रोगजंतूच्या शास्त्रीय नावातलं प्लास्मोपारा. पदवीधरांना पुस्तकातला ‘केवडा’ हवा होता. काका म्हणाले, “पानावर तेलकट डाग दिसला की माणूस डावणी म्हणतो. रात्री दहाला मी केवडा शोधणार नाही.” तासभर बोलणं झालं आणि ‘डावणी’ ठरलं. झोटेरोत एका टॅगचं नाव बदलून दुसऱ्याचं दिलं की दोन्ही एक होतात, म्हणून आवरायला दहा मिनिटं लागली. भुरी या दुसऱ्या रोगाच्या बाबतीत मात्र जुनं वाङ्मय आडवं आलं. तिची बुरशी आज एरिसिफे नेकेटर म्हणून ओळखली जाते, पण जुन्या लेखांत ती अनसिन्युला नेकेटर आहे. जुनं नाव शोधून ते लेख ‘भुरी’खाली आणले, तेव्हा यादी एकदम वाढली.

मराठीत टॅग लावणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. ‘जिबरेलिक ॲसिड’ (द्राक्षावर वापरलं जाणारं वाढीचं संजीवक) हा टॅग आमच्याकडे दोनदा दिसत होता, अक्षरन् अक्षर सारखा. ॲ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप होतं, आणि अ वर चंद्र देऊनही. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. फोनचा आणि संगणकाचा कीबोर्ड वेगळा असल्यामुळे हे घडलं. आता टॅग हाताने लिहायचा नाही, यादीतूनच निवडायचा, असं ठरलंय. त्या रसायनाला गावात ‘जीए’च म्हणतात, तेव्हा टॅगही तोच ठेवला.

पिकाच्या अवस्थांचे टॅग दिंडोरीच्या दादाने सुचवले: पोंगा (डोळा फुटून कोंब येणं), फुलोरा, मणी सेटिंग (मणी धरणं), पाणी उतरणे (मणी मऊ होऊन पिकू लागणं). माझ्या मते सगळ्या उपक्रमातली ही सर्वांत मोलाची भर. दोन टॅग एकदम निवडले की दोन्ही असलेल्याच नोंदी उरतात. ऑक्टोबरात छाटणीनंतर पाऊस लागला, पानं सुकेनात, तेव्हा काकांनी ‘डावणी’ आणि ‘पोंगा’ निवडून सहा नोंदी काढल्या, मराठी टिपणांसकट. त्यातल्या दोन टिपणांवर माझ्या विद्यार्थ्यांनी नंतर वर्गात प्रश्न विचारले: डावणीला ओलं पान लागतं, मग भुरी कोरड्या हवेतही का वाढते?

बऱ्याच लेखांचा फक्त सारांश मोफत वाचता येतो, ही अडचण आहेच. काही उपयुक्त संकेतस्थळांना फीडच नाही, ती दर सोमवारी हाताने पाहावी लागतात. गटात कुणीतरी महिन्यातून एकदा टॅग तपासायला हवेत. आमच्याकडे ते मी करते. फीड वाचायची गूगल रीडर ही सोय १ जुलै २०१३ला बंद झाली तेव्हाची हळहळ आठवते, म्हणून दर महिन्याला ग्रंथालय आणि फीडची यादी दोन्ही उतरवून ठेवते. या महिन्याची प्रत काकांच्या पेनड्राइव्हवर आहे.