‘रेझिनमध्ये असं असतंच, सर’

रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचे बस्ट (डोक्यापासून छातीपर्यंतचे छोटे पुतळे) जोडून रंगवण्याचा नाद असलेल्यांसाठी हे लिहितोय. नेपोलियनच्या ओल्ड गार्डमधला (त्याच्या निवडक, मुरलेल्या सैनिकांच्या दलातला) ग्रेनेडियर, म्हणजे पायदळाचा शिपाई, १/१० स्केल, परदेशी मूर्तिकाराचं मूळ ओतकाम, खोकं सीलबंद, अशी जाहिरात टाकणाऱ्या एका विक्रेत्याने मला साडेसात हजारांना रीकास्ट विकला. रीकास्ट म्हणजे चोरटी नक्कल. मूळ बस्ट विकत घ्यायचा, त्याच्यावरच सिलिकॉनचा साचा काढायचा आणि स्वस्तातलं रेझिन ओतून विकत सुटायचं. मूर्तिकाराच्या हाती छदाम पडत नाही.

रीकास्ट ठरवून घेणारेही बरेच आहेत. मूळ किटची किंमत, वर टपालखर्च, वर कस्टम्स, हे परवडत नाही म्हणतात. त्यांच्याशी माझं भांडण आहे, पण ते वेगळं. माझ्या गळ्यात नक्कल मारली ती अस्सल म्हणून, अस्सलच्याच भावात.

बस्ट मला १८ जूनपर्यंत रंगवून हवा होता. नेपोलियन हरला ती वॉटर्लूची लढाई झाली १८ जून १८१५ला, आणि आपल्या गोव्यात १८ जून म्हटलं की १९४६ची मडगावची लोहियांची सभा. पणजीत १८ जून रस्त्यावरून जाताना दरवेळी मला हे आठवतं आणि घरच्यांना मी दरवेळी तेच ऐकवतो. असो. घेण्याआधी मी सुट्या भागांचे, रंग न दिलेले फोटो मागितले होते. ‘सील तोडलं की किंमत उतरते, सर,’ असं उत्तर आलं. ऐकायला रास्तच वाटेल असं. जाहिरातीत फोटो होता तो रंगवलेल्या बस्टचा, म्हणजे तिसऱ्याच कुणाच्या तरी हातचं काम. पैसे आगाऊ, यूपीआयने. पार्सल फोंड्याला वेळेवर आलं, त्याबद्दल तक्रार नाही.

आता माल. ओल्ड गार्डचे ग्रेनेडियर कानात सोन्याच्या बाळ्या घालत. चांगल्या बस्टमध्ये ही बाळी कानापासून सुटी दिसते, तिच्या आतून पलीकडचं दिसतं. माझ्याकडे आलेल्या डोक्याला कानाखाली मटाराएवढा गोळा होता, गालाला चिकटलेला. अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोपीवर पुढे पितळी पत्रा असतो, त्यावर गरुड. ग्रेनेडियरची ती खूण, कारण गार्डच्याच शासर लोकांच्या (हलक्या पायदळाच्या) टोपीला पत्रा नसतो. इथे पत्रा होता, पण गरुडाची पिसं पार बुजून त्याची खुडूक कोंबडी झाली होती. टोपीच्या केसांच्या खाचा उथळ. मानेचा खुंट कॉलरच्या खाचेत बसेना, एका बाजूला नख जाईल एवढी फट. आणि पाठीच्या आतल्या बाजूला बोट लावलं की चिकट.

विक्रेत्याला सगळ्याचे फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘रेझिनमध्ये असं असतंच, सर.’ पुढच्या प्रत्येक तक्रारीला हेच उत्तर. लबाडी इथेच आहे, कारण ते अर्धं खरं असतं आणि नवखा माणूस तिथेच गप्प बसतो.

अस्सल किटमध्येही साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते, ती पाण्यात पॉलिश पेपर बुडवून घासून काढायची. (कोरडं घासू नका, ती भुकटी फुप्फुसांना वाईट, मास्क लावाच.) ओतताना राहिलेला जाड देठ असतो, तो कापायचा. तुरा वाकून आला तर गरम पाण्यात धरून सरळ करायचा आणि लगेच थंड पाण्यात घालायचा. अंगावर साचा सुटण्यासाठी लावलेला तेलकट पदार्थ असतो, तो साबणाने धुवायचा, नाहीतर प्रायमर (रंगाआधीचा थर) पापुद्र्यासारखा निघतो. डोकं जड असेल तर नुसत्या सुपरग्लूवर न विसंबता भोक पाडून पितळी तार घालायची, बारीकसारीक फट एपॉक्सी पुट्टीने भरायची. एवढं सगळं ‘असतंच’.

पण बुजलेलं नक्षीकाम असत नाही. नकलेची नक्कल होताना धारा जातात. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं, तेही सगळीकडे सारखं नाही. जाड भागात उष्णता जास्त, आकसणं वेगळं. म्हणून खुंट आणि खाच यांची सोयरीक जमत नाही. माझे काका चतुर्थीच्या गणपतींची चित्रशाळा चालवतात, जन्म साच्यांत गेला. त्यांना यातलं रेझिन-बिझिन काही ठाऊक नाही. त्यांनी डोकं उजेडाला तिरपं धरलं, भुवईवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, “बाबू, हे कोरून केलेल्याचं ओतकाम नव्हे. ओतलेल्यावर परत साचा काढलाय.”

चिकटपणाचं खापर विक्रेत्याने गोव्याच्या हवेवर फोडलं. ‘तुमच्याकडे दमटपणा फार, त्याने होतं.’ हेही अर्धं खरं. दमट हवेत स्प्रेचा प्रायमर पांढुरका पडू शकतो, पावसाळ्यात मी तो डबा कपाटातून काढतच नाही. पॉलियुरेथेन रेझिनला ओलाव्याचं वावडं असतं हेही खरं, पण पातळ असताना. तेव्हा पाणी लागलं की आत वायू तयार होऊन बुडबुडे होतात. चांगले कारागीर त्यासाठी दाबाच्या भांड्यात ओततात. एकदा नीट घट्ट झालेलं रेझिन फोंड्यात येऊन चिकट होत नाही. दोन द्रावणांचं प्रमाण चुकलं, की ते बऱ्याचदा कधीच पुरतं सुकत नाही. म्हणजे जे काही झालं ते त्याच्या शेडमध्ये झालं. टोपीचा खालचा काठ मी घासला, तर आत चाळणी निघाली.

हे सगळं लिहून कळवल्यावर त्याचा सूर एकदम गोड झाला. पैसे परत करतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला. ‘हा स्कॅन करा, रक्कम टाका, पिन घाला, लगेच जमा होतील.’ इथे मात्र नीट ऐका. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे द्यायला. घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. मी त्याला माझा यूपीआय आयडी दिला आणि यावर टाक म्हटलं. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

अशा क्यूआरला बळी पडून कुणाचे पैसे गेलेच, तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. माल एक सांगून दुसरा दिला, एवढंच असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी दोन्हीकडे तक्रार केली आहे. चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक आणि पार्सल फोडतानाचा व्हिडिओ, सगळं जोडलं. पैसे अजून आलेले नाहीत.

बस्ट मी रंगवलेला नाही. तो रंगवून कपाटात ठेवला, तर पाहणारा विचारणार कुणाचं काम, आणि मूर्तिकाराचं नाव त्या कोंबडीला लावायला मी तयार नाही. टोपी तेवढी वेगळी काढलीय. काळ्या केसांवर निळसर छटा कितपत द्यायची, याचे प्रयोग तिच्यावर चालतात.

विक्रेता नव्या नावाने परत आलाय. फोटो तोच आहे: काळी पार्श्वभूमी, ग्रेनेडियरचं तोंड डावीकडे, खाली अक्रोडी रंगाची लाकडी बैठक. या वेळी सोबत ‘शेवटचा एकच पीस’ असं लिहिलंय आणि किंमत पाचशेने वाढवलीय. सुट्या भागांचा, हातात धरलेला, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र असलेला फोटो मागून बघा. आमच्यातल्या एकाने मागितला, तर त्यालाही सीलचंच कारण मिळालं.