त्रैक्याचा वर्ग: दुसरं सत्र चुकवू नका

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण देव एकच, ही ख्रिस्ती शिकवण म्हणजे त्रैक्य. त्यावर नंदुरबारच्या एका चर्चमध्ये चालणारा चार रविवारांचा वर्ग. पहिल्या सत्रात नायसिया (325) आणि कॉन्स्टँटिनोपल (381) इथल्या चर्चच्या धर्मपरिषदा झपाट्याने उरकतात. खरा माल दुसऱ्या सत्रात. पाणी-बर्फ-वाफ हा संडे स्कूलचा लाडका दाखला तिथे मोडीत निघतो. एकच पाणी तीन रूपं पालटतं म्हटलं की झालं सबेलियस या जुन्या धर्मशिक्षकाचं, चर्चने नाकारलेलं मत: देव एकच, तीन ही नुसती रूपं! येशूच्या बाप्तिस्म्यात मात्र पुत्र नदीवर, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी आकाशातून. तिन्ही एकाच वेळी. 'व्यक्ती' म्हणजे सुटा माणूस समजलात तर तीन देव होतात, हेही वेळीच बजावतात.

चौथ्या शतकातला धर्मगुरू एरियस याचं 'पुत्र निर्माण केलेला' आणि आजच्या यहोवाच्या साक्षीदार पंथाचं मत यांची सांगड नीट घातलीय. पण केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणाऱ्या एकत्ववादी पेंटेकोस्टलांनाही त्यांच्याच पंगतीला बसवलंय, ही ढोबळ चूक. ते येशूला पूर्ण देव मानतात; नातं लावायचंच तर सबेलियसशी. आत्मा पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, हा ऑर्थोडॉक्स-कॅथलिक वाद पाच मिनिटांत गुंडाळतात. जाण्याआधी बायबलमधले मत्तय 3 आणि योहान 1 हे अध्याय वाचा. शंका अहिराणीत विचारल्या तरी चालतात.