आत्याचं मृत्युपत्र आणि मोत्याची सोय, सात रस्त्याजवळचे वकील
आमची आत्या जुळे सोलापूरला एकटी राहते, सोबत मोत्या कुत्रा आणि दोन मांजरं, आणि तिला सारखी एकच काळजी की माझ्यामागं ह्यांचं कोण बघणार. म्हणून सात रस्त्याजवळच्या एका वकिलांकडं घेऊन गेलो. माणूस लई चांगला ओ, आधी मोत्याचं वय, औषधं, महिन्याचा खर्च सगळं शांतपणे विचारून घेतलं. मग सांगितलं की प्राण्याच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत, कायद्यानं तो स्वतःच मालमत्ता, म्हणून सांभाळणारा माणूस नेमून त्याच्या नावावर त्या कामासाठी रक्कम लिहायची, आणि तो नाही म्हणाला तर दुसरा कोण तेपण लिहायचं. साक्षीदार दोन लागतातच, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण केलेलं बरं.

मला सगळ्यात पटलं ते हे, की मृत्युपत्राचं सगळं मार्गी लागेपर्यंत दिवस जातात, तोवर जनावरांना खायला कोण घालणार? म्हणून शेजारच्या काकूंकडं चावी, लसीचं कार्ड, डॉक्टरांचा नंबर आत्ताच देऊन ठेवायला लावलं.

फी जरा जास्त वाटली पण काम पक्कं. जिना अवघड आहे, वयस्कर माणूस सोबत असेल तर आधी फोन करा, ते स्वतः खाली येतात.