सुवर्णदुर्गाचे थ्रीडी फोटो: चष्मा, डबा की नुसते डोळे?

हर्णैच्या आसपास होमस्टे आहे आणि पाहुण्यांना पडवीत सुवर्णदुर्गाचे थ्रीडी फोटो दाखवायचेत? मी तिन्ही प्रकार करून पाहिलेत.

तिन्हींत गंमत एकच: थोडं सरकून काढलेल्या दोन फोटोंची जोडी, डावा फोटो डाव्या डोळ्याला, उजवा उजव्याला. आपल्या बाहुल्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून दोन्ही डोळ्यांना दृश्य किंचित वेगळं दिसतं. त्या फरकावरून मेंदू दृश्यातली खोली, म्हणजे काय जवळ आणि काय लांब, ते काढतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये आरशांच्या यंत्राने दाखवलं.

लाल-निळे चष्मे स्वस्त. भिंतीवर फोटो टाकला की दहाजण एकदम बघतात. पण आपल्याकडे जांभा! तांबडा दगड लाल काचेतून उजळ आणि निळ्यातून काळपट दिसतो, मग दोन डोळ्यांचं भांडण लागतं आणि चिरे लुकलुकतात. फोटो काळा-पांढरा केला की भांडण मिटतं, पण मग त्यात कोकण काय राहिलं?

नुसत्या डोळ्यांनी बघायला पैसा लागत नाही, सवय लागते. दोन फोटो शेजारी ठेवून नजर लांब सोडून बघायचं तर दोन्ही फोटोंतल्या त्याच एका बिंदूच्या दोन जागांमधलं अंतर साडेसहा सेंटिमीटरच्या आतच हवं. दोन्ही डोळे एकाच वेळी बाहेरच्या बाजूला वळत नाहीत. तिरळं करून बघितलं तर मोठे फोटोही चालतात, मात्र डावा-उजवा अदलाबदल करून ठेवा. नाहीतर मागचा माड पुढे येतो. दोन दिवसांच्या पाहुण्याला हे शिकवत बसू नका.

माझं मत भिंगांच्या डब्याला, म्हणजे दोन भिंगांतून शेजारी ठेवलेले दोन फोटो बघायच्या डब्याला. भिंगामुळे डोळे लांब बघितल्यासारखे सैल राहतात, आजीलाही लगेच जमतं. रांग लागते, तेवढंच.

फोटो काढतानाच खरी मेख आहे. किल्ला लांब, साडेसहा सेंटिमीटर सरकून काढलेले दोन फोटो जवळपास सारखेच येतात. चौकटीतली सगळ्यात जवळची वस्तू जितकी दूर, त्याच्या तिसाव्या भागाइतकं सरका, असा ढोबळ हिशोब आहे. होडी साठ मीटरवर असेल तर दोन मीटर. फार सरकलात तर तट दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्याएवढा वाटतो, कारण मेंदू ते अंतर स्वतःच्या डोळ्यांमधलंच धरतो. शिवाय तेवढ्यात लाट हलते. दोघांनी दोन मोबाईल धरून एकदम बटण दाबा.

एखाद्याला यातलं काहीच दिसणार नाही, विशेषतः लहानपणी तिरळेपणा असलेल्याला. त्याच्या मागे लागू नका. होडीने झाकलेला तट आणि लांबचं धुरकट पाणी यांवरून तो खोली ओळखतोच. त्याच्या हातात साधा मोठा फोटो द्या.