मल्टिमीटर लावायचा का चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढायचं?
खानापूर साईडला पावसाळ्यात सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक, मग बॅटरी गेली का अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा)? जुने लोक इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढतात, बंद पडली तर अल्टरनेटर गेला. जुन्या डिझेल जीपला चाललं असेल ओ, आताच्या गाडीत व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उडू शकतोय, खर्च कोण देणार? त्यापेक्षा व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर बरा, २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला लावायचा, रात्रभर उभ्या गाडीला १२.६ च्या आसपास दाखवला तर बॅटरी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली, आणि इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ यायला पाहिजे, १२ वरच अडकला तर चार्जिंग होईना, आधी बेल्ट बघा. आणि टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी घासून काढा की, बऱ्याचदा भानगड तिथंच असतीय.